लास मेदुलासच्या रोमन सोनखाणी: पाण्याच्या मागोमाग चालत कशा पाहायच्या

स्पेनच्या वायव्येला, लेओन प्रांतातल्या एल बिएर्थो खोऱ्यात, लालभडक मातीचे सुळके आणि त्यांच्या पायथ्याशी चेस्टनटची झाडी असा एक देखावा आहे. फोटो तुमच्या नजरेखालून गेले असतील. हे सुळके ऊनपावसाने घडलेले नाहीत. इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत रोमनांनी सोन्यासाठी इथले डोंगर पाण्याने पाडले. त्या पाडापाडीतून जे उभं राहिलं, ते म्हणजे लास मेदुलास.

बहुतेक पाहुणे ओरेयान गावाजवळच्या उंच सज्जावर, म्हणजे खाण वरून पाहायच्या जागेवर येतात, फोटो काढतात आणि तासाभरात परत फिरतात. इतक्या लांब येऊन एवढंच पाहून गेलेली माणसं बघितली की मला खरोखर हळहळ वाटते. या खाणीचा जीव पाण्यात आहे. पाणी कुठून आणलं, कुठे साठवलं, कुठून सोडलं, सोनं कुठे अडवलं आणि शेवटी तो सगळा गाळ कुठे गेला, या प्रश्नांचा माग घेत फिरलात तर तिथला प्रत्येक खड्डा आणि दगडांचा प्रत्येक ढीग तुमच्याशी बोलू लागेल. त्यासाठी पूर्ण दोन दिवस काढा. खालच्या पायऱ्या तसं गृहीत धरूनच लिहिल्या आहेत.

१. निघण्याआधी प्लिनीची चार पानं वाचा

थोरला प्लिनी हा रोमन अधिकारी इसवी सन ७३ च्या सुमारास हा मुलूख ज्या रोमन प्रांतात होता त्या प्रांतात सरकारी खजिन्याचा कारभार पाहत होता. त्याच्या 'नॅचरल हिस्टरी' या ग्रंथाच्या तेहतिसाव्या भागात स्पेनमधल्या सोनखाणींचं वर्णन आहे. इंग्रजी भाषांतर इंटरनेटवर फुकट मिळतं. खाणीचा भाग जेमतेम चार पानांचा आहे, पण त्याच्याइतका उपयोगी वाटाड्या दुसरा नाही.

तो सांगतो की मजूर दिव्याच्या उजेडात डोंगराच्या पोटात बोगदे खणत. कामाची पाळी दिव्यावर मोजली जाई आणि महिनोन्‌महिने त्यांना दिवसाचा उजेड दिसत नसे. बोगदे पुरेसे खोल गेले की आधारासाठी राखलेले खांब शेवटच्यापासून एकेक करून तोडत यायचं. माथ्यावर एक राखणदार उभा असे. जमिनीला भेग पडताना दिसली की तो ओरडून मजुरांना बाहेर बोलावी आणि स्वतःही खाली धाव घेई. मग प्रचंड आवाज होऊन डोंगर बसायचा. एवढं सगळं करूनही त्या मातीत सोनं आहे की नाही हे तेव्हा कुणालाच ठाऊक नसे.

पुढचं काम पाण्याचं. माथ्यावर बांधलेल्या तलावांचीही मापं प्लिनीने दिली आहेत: लांबी-रुंदी प्रत्येकी २०० फूट, खोली १० फूट आणि पाच दरवाजे. तलाव भरला की दरवाजे उघडायचे, लोंढ्याने खालचे दगडधोंडे वाहून जात. लास मेदुलासमध्ये हेच पाणी बोगद्यांत सोडूनही डोंगर फोडले, असं अभ्यासक मानतात. खाली पायऱ्यापायऱ्यांचे चर खणलेले असत आणि त्यांच्या तळाशी एक काटेरी झुडूप अंथरलेलं असे. जड सोनं त्यात अडकायचं. मग ते झुडूप वाळवून जाळायचं आणि राख धुऊन सोन्याचे कण काढायचे. आपल्याकडे झारेकरी सराफाच्या दुकानातली धूळ गोळा करून पाण्याने धुतात, तसंच हे काम. फक्त इथे धूळ म्हणजे अख्खा डोंगर होता.

वाचताना दोन ठिकाणी सावध राहा. 'लास मेदुलासमधून दरवर्षी २०,००० पौंड सोनं निघायचं' असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं असतं. प्लिनीचा तो आकडा आस्तुरिया, गॅलेशिया आणि लुसितानिया या तिन्ही भागांचा मिळून आहे. रोमन पौंड सुमारे ३२७ ग्रॅमचा, म्हणजे साधारण साडेसहा टन. एका खाणीच्या खात्यावर हे सगळं मांडू नका. दुसरी दंतकथा साखळदंडांतल्या हजारो गुलामांची. पुरातत्त्वज्ञ सांचेझ-पालेन्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भागात अनेक वर्षं संशोधन केलं आहे. त्यातून दिसणारं चित्र वेगळं आहे: खाणीवर राबणारे मुख्यतः आसपासच्या वस्त्यांमधले स्थानिक शेतकरी होते आणि रोमला द्यायच्या कराचा भाग म्हणून त्यांना हे काम करावं लागे. मला हे गुलामगिरीच्या गोष्टीपेक्षा जास्त अस्वस्थ करतं. माणूस नावाला स्वतंत्र, आणि त्याच्याच गावाचा डोंगर त्याच्याच हातून पाडून घेतलेला.

२. जायचा हंगाम ठरवा

एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरची सुरुवात. शरद ऋतूत चेस्टनटची पानं पिवळी पडतात आणि लाल मातीवर ती फार सुंदर दिसतात. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचं ऊन कडक असतं आणि वाटांवर सगळीकडे सावली नाही. हिवाळ्यात खोऱ्यात धुकं साचतं; कधीकधी सज्जावरून काहीच दिसत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये इथे मोठा वणवा लागला आणि परिसरातली बरीच झाडी होरपळली. त्यात जुनी चेस्टनटची झाडंही होती. म्हणून तिकिटं काढण्याआधी कोणत्या वाटा आणि कोणती केंद्रं खुली आहेत हे अधिकृत संकेतस्थळावर पाहा किंवा ईमेल पाठवून विचारा. जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबू नका.

३. व्हिसा आणि कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा व्हिसा, लागतो. सगळे दिवस किंवा सर्वाधिक दिवस स्पेनमध्ये असतील तर स्पेनकडे अर्ज करा. अर्ज बीएलएस या कंपनीच्या केंद्रात द्यायचे असतात. मुंबईत केंद्र आहे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, क्वचित ४५ पर्यंतही जातात. मोठ्यांसाठी व्हिसाची फी ९० युरो, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

फाईलमध्ये हे असू द्या:

- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत असलेला, दोन कोरी पानं असलेला
- भरलेला अर्ज आणि ३५ × ४५ मिलिमीटरचे दोन फोटो
- किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा प्रवास विमा
- विमानाचं जाण्यायेण्याचं बुकिंग आणि प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा
- बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, पगाराच्या पावत्या
- नोकरदारांसाठी कार्यालयाचं रजेचं पत्र, व्यावसायिकांसाठी नोंदणीची कागदपत्रं
- एक पानी पत्र: कुठे, कधी, कशासाठी

त्या पत्राकडे लक्ष द्या. सगळे माद्रिद-बार्सिलोना लिहितात आणि तुमच्या यादीत पोनफेर्रादा नावाचं आडबाजूचं गाव असणार. तिथे काय पाहायचं आहे आणि ते जागतिक वारसास्थळ आहे, हे दोन ओळींत लिहा. मुक्कामाच्या तारखा आणि प्रवासाचा क्रम एकमेकांशी तंतोतंत जुळायला हवा; एका रात्रीचा हिशेब चुकला तरी शंका घेतली जाते. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारी तिकिटं काढू नका. अपॉइंटमेंट मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या दलालांपासून चार हात लांब राहा.

गाडी चालवायची असेल तर भारतातून निघण्याआधीच आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. तो वर्षभर चालतो. मूळ लायसन्सही बरोबर ठेवावं लागतं.

४. पोनफेर्रादा गाठा

माद्रिदहून पोनफेर्रादा रस्त्याने सुमारे ३९० किलोमीटर. आल्सा कंपनीच्या बसला साडेचार-पाच तास लागतात. रेल्वेही आहे, काही गाड्यांना लेओनला बदलावं लागतं. मुक्काम पोनफेर्रादातच करा. सान्तियागोच्या ख्रिस्ती पदयात्रेचा जुना मार्ग या गावातून जातो, त्यामुळे स्वस्त आणि स्वच्छ राहण्याच्या जागा भरपूर आहेत.

पुढचे सुमारे २५ किलोमीटर हीच खरी अडचण. सार्वजनिक बस फार तुरळक आहे आणि तिच्या वेळा फिरणाऱ्याच्या सोयीच्या नाहीत. भाड्याची गाडी सगळ्यात बरी. नाहीतर टॅक्सी ठरवा, पण परतीची वेळ आणि एकूण भाडं निघतानाच पक्कं करून घ्या. तिथे पोहोचल्यावर रस्त्यात हात दाखवून टॅक्सी मिळत नाही. रस्ता एन-५३६, कारुथेदोच्या दिशेने. लास मेदुलास गावाच्या तोंडाशीच वाहनतळ आहे, पाहुण्यांनी गाडी तिथेच ठेवायची.

५. पाठपिशवी

पकड असलेले बूट हवेतच. इथली माती चिकण. पाऊस पडून गेला की तळव्याला थरावर थर चढतात आणि उतारावर पाय घसरतो. पांढरे कपडे नेऊ नका, लाल डाग जात नाहीत. टॉर्च, टोपी, माणशी दीड-दोन लिटर पाणी आणि फोनवर आधीच उतरवून घेतलेला नकाशा. डोंगरात नेटवर्क सगळीकडे मिळत नाही.

खाण्याचं आधी ठरवा, विशेषतः शाकाहारी असाल तर. इथलं प्रसिद्ध पक्वान्न बोतियो म्हणजे डुकराचं मांस भरलेला मसालेदार गोळा. भाज्यांच्या पदार्थातही हॅमचे तुकडे असू शकतात. म्हणून 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो' (मांस नको, हॅम नको, मासे नकोत) ही तिन्ही वाक्यं पाठ करा; नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. भाजलेल्या लाल मिरच्या, बटाट्याचं ऑम्लेट, चेस्टनट आणि इथली सफरचंदं मात्र मनसोक्त खा. दुपारचं जेवण दोनच्या आधी मिळत नाही आणि चारनंतर स्वयंपाकघर बंद होतं. घरून चिवडा, कोरडी चटणी, मेतकूट नेऊ शकता. तूप, पेढे, खव्याचं काहीही नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे.

६. पहिला दिवस, सकाळ: माहिती केंद्र आणि ओरेयान

गावातल्या पुरातत्त्व केंद्रापासून सुरुवात करा. लहानसंच आहे, पण तिथली प्रतिकृती पाहिली की पाणी कुठून कुठे गेलं याचा नकाशा डोक्यात पक्का बसतो. वाटाड्याबरोबरच्या फेऱ्या बहुधा स्पॅनिशमध्ये असतात. इंग्रजी हवी असेल तर आधी कळवा.

मग गाडीने ओरेयान गावामार्गे सज्जाकडे. वाहनतळापासून वर चढ आहे, छोटा पण दमवणारा. गुडघेदुखी असलेल्यांनी सावकाश चढावं. वर पोहोचलात की लगेच कॅमेरा काढू नका. आधी नजर सुळक्यांच्या टोकांवरून आडवी फिरवा. ती टोकं म्हणजे मूळ जमिनीची पातळी. त्यांच्यामधली सगळी पोकळी कधीकाळी भरीव डोंगर होती. हे एकदा डोळ्यांना उमगलं की समोरचं दृश्यच पालटतं.

सज्जाच्या जवळच ओरेयानचा बोगदा आहे. तिकीट काही युरोंचं, आत जाताना हेल्मेट देतात. बोगदा कुठे उंच, कुठे ठेंगणा, आणि शेवटी तो उभ्या कड्याच्या मध्यावर उघडतो. आत एक गोष्ट जरूर करा: टॉर्च भिंतीच्या अगदी जवळ धरा. लाल मातीत रुतलेले गोल, गुळगुळीत गोटे दिसतील. बटाट्याएवढे, काही डोक्याएवढे. लाखो वर्षांपूर्वीच्या नद्यांनी ते इथे आणून टाकले आणि सोनंही त्यांच्याबरोबरच आलं. या मातीत सोन्याचे कण इतके बारीक आणि इतके विरळ की हाताने शोधून काही मिळणार नाही. म्हणून तर एवढं पाणी लागलं.

७. पहिला दिवस, दुपार: वालिन्यासची वाट

गावात परत येऊन 'सेन्दा दे लास वालिन्यास' ही वाट धरा. लांबी तीनेक किलोमीटर, फारसा चढ नाही, मुलांनाही जमते. रेंगाळत चाला. ही वाट खाणीच्या पोटातून जाते आणि ला क्वेवोना आणि ला एन्कान्तादा या दोन प्रचंड गुहांपाशी नेते. त्याही पाण्याने फोडलेल्या बोगद्यांच्याच. ला क्वेवोनाच्या तोंडाशी उभं राहून वर पाहा, मग पायथ्याच्या माणसांकडे पाहा. मापाचा अंदाज तेव्हा येतो.

वाटेवर जुनी चेस्टनटची झाडं लागतात, काहींचे बुंधे पोकळ आणि चार माणसांच्या कवेत न मावणारे. आणखी एक गोष्ट शोधा: गोट्यांचे लांबच लांब ढीग. पाण्याने न वाहणारे मोठे दगड मजुरांनी चरातून हाताने उचलून बाजूला रचले, ते हे. फलक नसेल तर माणसं त्यावर बसून डबा खातात. मला विचाराल तर अख्ख्या खाणीत मजुरांच्या हाताची सगळ्यात थेट खूण हीच आहे.

ताकद उरली असेल तर संध्याकाळी पुन्हा ओरेयानला जा. मावळतीचं ऊन सुळक्यांवर पडतं तेव्हा रंग पेटतात. गर्दीही त्याच वेळी असते.

८. गाळ कुठे गेला: कारुथेदोचं तळं

परतीच्या वाटेवर एन-५३६ च्या शेजारीच हे तळं आहे. खाणीतून धुऊन निघालेला गाळ खालच्या खोऱ्यात साचला, पाण्याचा निचरा अडला आणि तळं तयार झालं. आज तिथे बोरू आहे, पाणपक्षी आहेत. अर्धा तास पुरतो, पण चुकवू नका. पाण्याचा प्रवास इथे संपतो.

१९९७ साली युनेस्कोच्या बैठकीत लास मेदुलासला जागतिक वारसा म्हणावं का यावर मतभेद झाले होते. निसर्गाच्या विध्वंसाचा गौरव नको, म्हणून थायलंडच्या प्रतिनिधीने कडक विरोध केला. मला तो आक्षेप रास्त वाटतो आणि तरीही हे स्थळ जपलं गेलं याचा आनंद वाटतो. तळ्याकाठी बसून यावर बोलण्यासारखं खूप आहे.

९. दुसरा दिवस: कालव्यांच्या वाटेवर

इथवर फार थोडे लोक येतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं आश्चर्य इथेच आहे. खाणीला लागणारं पाणी काब्रेरा खोऱ्यातून आणि तेलेनोच्या बर्फाळ डोंगरांतून आणलं होतं. कालव्यांची एकूण लांबी शेकडो किलोमीटर भरते. काही पाणी तर दुसऱ्या नदीच्या खोऱ्यातून, पाणलोटाची कड ओलांडून इकडे वळवलं होतं. हे सगळं साध्या समतल-मापकांवर. उतार थोडा जास्त झाला तर कालवा फुटणार, कमी झाला तर गाळाने भरणार. ज्या कड्यावर पाऊल ठेवायला जागा नाही तिथे माणसं दोराने लोंबकळत मोजमाप करत, असं प्लिनीने लिहून ठेवलंय.

पुएन्ते दे दोमिंगो फ्लोरेसमार्गे काब्रेराच्या दिशेने जा. यामास दे काब्रेरा या गावाच्या परिसरात कालव्यांचे चांगले अवशेष आहेत. मीटर-दीड मीटर रुंदीचा, खडकात कोरलेला सपाट पट्टा डोंगराच्या कुशीतून वळत जातो, त्यावरूनच चालायचं. ऊन तिरपं असताना खडकावरच्या कुदळीच्या खुणा स्पष्ट दिसतात, म्हणून सकाळी निघा. एका बाजूला दरी असते. उंचीची भीती वाटणाऱ्यांनी आणि लहान मुलं बरोबर असलेल्यांनी हा भाग सोडावा. एकट्याने जाऊ नका. कोणत्या वाटेने जाताय ते मुक्कामाच्या ठिकाणी सांगून निघा.

१०. हे टाळा

- मेटल डिटेक्टर नेणं. परवानगीशिवाय तो वापरायला कायद्याने बंदी आहे आणि दंड जबर असतो.
- आठवण म्हणून गोटा किंवा मातीचा खडा खिशात टाकणं.
- फलक नसलेल्या, कुंपण घातलेल्या बोगद्यांत शिरणं. ही माती दगडासारखी दिसते, पण पाऊस मुरला की ढासळते.
- परवानगीशिवाय ड्रोन उडवणं.

सोनं धुण्याचा अनुभव हवाच असेल, तर शेजारच्या आस्तुरियास प्रांतात नावेल्गास गावी सोन्याचं संग्रहालय आहे. तिथे परातीत वाळू घोळून सोनं काढायला शिकवतात.

११. वेळ असेल तर आस्तोर्गा आणि लेओन

माद्रिदच्या परतीच्या वाटेवर आस्तोर्गा लागतं. रोमन काळातलं हे आस्तुरिका आउगुस्ता. या भागातल्या खाणींचा कारभार इथून चाले. तिथलं रोमन संग्रहालय बघाच. लेओनच्या संग्रहालयात सम्राट ऑगस्टसने इसवी सनापूर्वी १५ मध्ये काढलेला, एल बिएर्थोत सापडलेला ब्राँझचा हुकूमनामा आहे. कोणत्या वस्तीला करमाफी आणि कोणावर ओझं, हे त्यात लिहिलेलं आहे. खाणीत राबलेल्या लोकांचा मुलूख रोमच्या ताब्यात गेल्यानंतर लगेचचा हा कागद.

हे पाहून आल्यावर, किंवा जाण्याआधीही, जमल्यास धाराशिव जिल्ह्यातलं तेर आणि कोल्हापूरचं संग्रहालय बघा. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी ग्रंथात पैठण, तेर, कल्याण, सोपारा यांची नावं आहेत आणि भडोचला रोमन सोन्याचांदीची नाणी नफ्याने बदलून मिळतात अशी नोंदही आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवरच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती सापडली, ती याच व्यापाराची खूण. भारताच्या मालापायी रोमचा पैसा वाहून जातो अशी तक्रार प्लिनीनेच केली आहे, त्याच 'नॅचरल हिस्टरी'त.

स्पेनमधली बरीच संग्रहालयं सोमवारी आणि रविवारी दुपारनंतर बंद असतात. त्यामुळे शक्यतो कालव्यांचा दिवस सोमवारी ठेवा, आस्तोर्गा आणि लेओन मंगळवारपासून पुढे.